नव्या पुंगळीचा पहिला बार: फायरफॉर्मिंग कसं करायचं

माझ्या रीलोडिंगच्या, म्हणजे काडतुसं हाताने भरण्याच्या, टेबलावर एक उभी चिरलेली पितळी पुंगळी, म्हणजे काडतुसाचं कवच, कायम असते. .३०३ कॅलिबरच्या रायफलची आहे. हॅक्सॉने चिरून कापलेली बाजू बारीक पॉलिश पेपरवर घासून घेतली आहे. बुडाकडचा भाग जाड आणि भरीव, तिथून वर जाताना भिंत हळूहळू पातळ होत जाते. ती तशीच असायला हवी. पण बुडापासून थोडं वर, आतल्या बाजूने, नखाने खरवडल्यासारखी एक खाच दिसते. तेवढ्या जागी पितळ कागदाइतकं उरलं आहे. बाहेरून बघितलं तर फक्त एक फिकट चकचकीत रेघ. याच खोक्यातली दुसरी पुंगळी चौथ्या बाराला दोन तुकडे झाली. बूड बोल्टबरोबर, म्हणजे काडतूस मागून बंद करणाऱ्या दांड्याबरोबर, बाहेर आलं आणि पुढचं नळकांडं चेंबरमध्येच, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाला काडतूस बसतं त्या जागेतच, अडकून राहिलं. गरम वायूचा फटका चष्म्यावर बसला. चष्मा होता म्हणून डोळे वाचले.

पुंगळी चौथ्या बाराला तुटली, पण तिचं नुकसान पहिल्याच बाराला झालं होतं. नवी कोरी पुंगळी मी तशीच भरली, तशीच उडवली आणि ती चेंबरमध्ये किती मागेपुढे हलते आहे हे मोजलंच नाही. हा लेख त्या पहिल्या बाराबद्दल आहे. नवीन पुंगळी पहिल्यांदा उडते तेव्हा ती तुमच्या रायफलच्या चेंबरचा आकार घेते, यालाच फायरफॉर्मिंग म्हणतात. आकार ती घेणारच, तुम्ही काही केलं नाही तरी घेणार. प्रश्न इतकाच आहे, की तो आकार घेताना पितळ कुठून ताणलं जातं.

हँडलोडिंगची, म्हणजे याच रीलोडिंगची, अगदी मूळ कामं, जसं की प्रायमर (दारू पेटवणारी बुडातली टोपी) बसवणं, दारू तोलणं, गोळी बसवणं, तुम्हाला एखाद्या जाणत्याच्या हाताखाली करून झाली आहेत असं मी धरून चालतो. तुमच्याकडचा परवाना आणि तुमच्या देशाचा कायदा यात हे काम बसतं का, हेही आधी बघून घ्या.

चेंबरमध्ये काय घडतं

पुंगळीचं पितळ साधारण ७० टक्के तांबं आणि ३० टक्के जस्त यांचं असतं. ते ताणलं जातं, थोडं परत येतं, आणि प्रत्येक ताणाबरोबर जरा कडक होत जातं. कारखाना नवीन पुंगळी मुद्दाम लहान ठेवतो, कारण ती कुठल्याही कंपनीच्या रायफलमध्ये बसली पाहिजे. .३०८ विन्चेस्टरचं उदाहरण घ्या. बुडापासून खांद्यावरच्या (पुंगळी मानेकडे निमुळती होते त्या उतारावरच्या) ठरावीक रेषेपर्यंतचं अंतर सामीच्या, म्हणजे अमेरिकी उत्पादकांच्या प्रमाणसंस्थेच्या मापांत काडतुसासाठी १.६२७ ते १.६३४ इंच आहे आणि चेंबरसाठी १.६३० ते १.६४० इंच. दोन्ही मापं नियमात बसूनही सगळ्यात लहान पुंगळी सगळ्यात मोठ्या चेंबरमध्ये गेली, तर १३ थाऊ, म्हणजे सुमारे ०.३३ मिलिमीटर, मोकळी जागा उरते. थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग. पुढे सगळीकडे मी थाऊमध्येच बोलणार आहे, कारण कॅलिपर हातात घेतल्यावर तोच शब्द तोंडात येतो.

आता घोडा दाबला. फायरिंग पिन प्रायमरवर आदळते आणि पुंगळीला पुढे ढकलते, तिचा खांदा चेंबरच्या खांद्याला जाऊन टेकतो. मोकळी जागा आता सगळी मागे, बूड आणि बोल्ट यांच्यामध्ये. दारू पेटते, दाब चढतो. पुंगळीची पुढची भिंत पातळ असते, ती फुगून चेंबरला घट्ट चिकटते. बूड जाड असतं, ते चिकटत नाही. .३०८ मध्ये हा दाब ६२,००० पीएसआयपर्यंत (दर चौरस इंचाला पौंड) जाऊ शकतो. एवढा दाब बुडाला मागे लोटतो, पुढचा भाग जागचा हलत नाही, आणि जाड बूड जिथे संपतं व पातळ भिंत सुरू होते त्या पट्ट्यात पितळ ताणलं जातं. माझ्या चिरलेल्या पुंगळीतली खाच तिथेच आहे.

हेच बूड पिन आदळण्याआधीपासून बोल्टला टेकलेलं असतं तर? मग मागे जायला जागाच नाही. मोकळी जागा पुढे, खांद्यापाशी राहते, आणि दाबाने खांदा पुढे सरकून ती भरून काढतो. मान आणि खांद्याचं पितळ नरम असतं, कारखान्यात ते मुद्दाम तापवून नरम केलेलं असतं, त्यामुळे ते हे सहज सोसतं. फायरफॉर्मिंगचं सगळं कौशल्य एवढ्यात आलं: खांदा पुढे गेला तर चालतो, बूड मागे जाता कामा नये. पुढच्या प्रत्येक पायरीला हाच प्रश्न विचारा.

पहिली पायरी: मोजा

कॅलिपरला लावायचा खांद्याचा कंपॅरेटर, म्हणजे बुडापासून खांद्यापर्यंतचं अंतर मोजणारा जोड, घ्या. हे महागडं उपकरण नाही, आणि हँडलोडिंगमध्ये तराजूनंतर मी त्यालाच दुसरा मान देतो. त्याच रायफलमध्ये उडवलेल्या एक-दोन पुंगळ्या हव्यात. नसतील तर कारखान्याची काही तयार काडतुसं उडवा आणि त्या पुंगळ्या जपून ठेवा.

उडवलेल्या पुंगळीचा जुना प्रायमर आधी काढून टाका, मग मोजा. प्रायमर केसभर जरी वर आलेला असला तरी माप चुकतं, आणि नवशिक्यांची बहुतेक चुकीची मापं इथूनच येतात. मग नव्या खोक्यातल्या दहा पुंगळ्या मोजा. एकच मोजून थांबू नका, एकाच खोक्यातही दोन-तीन थाऊंचा फरक सापडतो. कंपॅरेटरवर दिसणारा आकडा पुस्तकातल्या आकड्याशी जुळला नाही तर गोंधळू नका. ज्याच्या-त्याच्या इन्सर्टचं (कंपॅरेटरमधल्या खांद्यावर बसणाऱ्या कडीचं) भोक जरा वेगळं असतं. आपल्याला फक्त दोन मापांमधला फरक हवा आहे, आणि तो एकाच कंपॅरेटरवर घेतला की पुरेसा विश्वासार्ह असतो.

माझा हिशोब असा. फरक पाच-सहा थाऊंच्या आत असेल, रायफल चांगल्या स्थितीतली बोल्ट-ॲक्शन असेल आणि कॅलिबर नेहमीचं असेल, तर वेगळं काही करू नका. पुस्तकातला मधला लोड (दारूचं प्रमाण) भरा आणि सरावाला वापरा. निव्वळ पुंगळ्या घडवण्यासाठी नळीचं आयुष्य झिजवणं मला पटत नाही. नवी रायफल हाताळून घ्यायची आहे, ट्रिगरचा सराव करायचा आहे, दुर्बीण शून्यावर आणायची आहे, हे सगळं त्याच बारांमध्ये होतं. फरक त्याहून जास्त असेल, किंवा पुंगळी कडेच्या अथवा पट्ट्याच्या जातीची असेल, किंवा तुम्ही ॲकली इम्प्रूव्हडसारख्या (मूळ काडतुसापेक्षा ऐसपैस कापलेल्या) चेंबरमध्ये मूळ काडतूस उडवणार असाल, तर पुढे वाचा. फरक दहा थाऊंच्या वर दिसला तर आधी गनस्मिथकडून गो आणि नो-गो गेज (चेंबरची लांबी मर्यादेत आहे का ते सांगणारी मापं) लावून घ्या. दोष चेंबरचाच असेल तर तो पुंगळीवर झाकून चालणार नाही.

कडेच्या आणि पट्ट्याच्या पुंगळ्या वेगळ्या का, तेही सांगतो. .३०३ ब्रिटिश १८८८ पासूनचं काडतूस आहे. ते बुडाच्या कडेवर अडतं, खांद्यावर नाही. सैनिकी रायफलींमध्ये चिखल-धुळीतही काडतूस आत गेलं पाहिजे म्हणून खांद्यापाशी सढळ जागा ठेवलेली असायची. .३७५ हॉलंड अँड हॉलंड (१९१२) आणि त्याच्याच पोटातून आलेली .३०० विन्चेस्टर मॅग्नम (१९६३) ही बुडाशी असलेल्या पट्ट्यावर अडतात. इथेही खांद्याकडे कारखान्याचं फार लक्ष नसतं. म्हणून या पुंगळ्या पहिल्या बारात सगळ्यात जास्त ताणल्या जातात आणि मग चार-पाच बारांत बुडाशी तुटतात. लोक पितळाला शिव्या देतात. पितळाचा दोष फार क्वचित असतो.

दुसरी पायरी: पुंगळी तयार करा, पण कमीत कमी

इथे एक चूक मी वारंवार बघतो. नवी पुंगळी हातात आली की लोक सवयीने ती फुल-लेंग्थ डायमधून (पुंगळी पूर्ण लांबीभर दाबून लहान करणाऱ्या साच्यातून) काढतात, डाय शेल-होल्डरला (बूड धरून ठेवणाऱ्या तुकड्याला) टेकेपर्यंत खाली बसवून. खांदा आधीच मागे आहे, तो आणखी मागे जातो. पाच थाऊंचा फरक आठ होतो. नवीन पुंगळीला फुल-लेंग्थ डाय लागत नाही.

तिला काय लागतं? खोक्यात आदळून मानेचं तोंड थोडं चेपलेलं असतं, म्हणून मँड्रेल किंवा एक्स्पांडर (मान आतून गोल करणारी दांडी) घालून मान गोल करा. तोंडाची आतली-बाहेरची धार चॅम्फर टूलने दोन फेऱ्यांत मोडा. फ्लॅश होलमध्ये (प्रायमरची ठिणगी आत जाते त्या भोकात) पितळाची धार उरली आहे का बघा. लांबी पुस्तकातल्या कमाल मर्यादेत आहे ना, एवढंच तपासा. आत्ता ट्रिम करू नका, कारण खांदा पुढे जाताना मानेचं पितळ आत ओढलं जातं आणि पुंगळी लांबीला कमी होते. ॲकली चेंबरमध्ये हे ठळक दिसतं. आधीच कापून ठेवलेली मान नंतर आखूड पडते, आणि पितळ परत जोडता येत नाही.

मँड्रेलसाठी लावलेलं वंगण पूर्ण पुसून काढा. तेलकट पुंगळी चेंबरच्या भिंतीला धरत नाही आणि सगळा धक्का थेट बोल्टवर जातो. बूड ताणलं जाऊ नये म्हणून पुंगळीला मुद्दाम तेल लावण्याचा सल्ला तुम्हाला कुणीतरी देईलच. मी तो मानत नाही. बोल्टच्या लग्जवर (बोल्ट जागी अडकवून ठेवणाऱ्या दातांवर) जास्तीचा भार टाकून पुंगळी वाचवण्यात अर्थ नाही, विशेषतः जुन्या रायफलींमध्ये.

तिसरी पायरी: लोड निवडा

आकडे छापील, नावाजलेल्या रीलोडिंग मॅन्युअलमधूनच घ्या, आणि मॅन्युअलमध्ये ज्या दारूचं, गोळीचं आणि प्रायमरचं नाव आहे तेच वापरा. मी इथे दारूचा एकही आकडा देत नाही आणि मुद्दामच देत नाही. प्रत्येक लोड त्याच्या-त्याच्या घटकांपुरताच खरा असतो.

मॅन्युअलमध्ये सुरुवातीचा आणि कमाल असे दोन लोड दिलेले असतात. फायरफॉर्मिंगसाठी त्यांच्या मधला भाग बरा. नवशिक्याला वाटतं, की अगदी हलका लोड म्हणजे सुरक्षित. तसं नाही. दाब कमी असेल तर खांदा कोपऱ्यांत भरत नाही, गोलसरच राहतो. शिवाय हलक्या दाबात भिंत चेंबरला धरून बसते आणि बूड मागे यायला पुरेसा जोर नसतो. मग प्रायमर एकटाच मागे सरकतो आणि बुडाच्या वर उभा राहिलेला दिसतो. हे बघून लोक दाब जास्त झाला असं समजतात, खरं तर उलट असतं. आणि मॅन्युअलच्या किमान आकड्याच्या खाली तर कधीच जाऊ नका. मंद जळणाऱ्या दारूचा फार कमी लोड मोठ्या पुंगळीत भरला तर दाब अचानक, बेहिशेबी चढण्याचे प्रकार झालेले आहेत.

दुसरं टोकही धोक्याचं. अजून न घडलेल्या पुंगळीत आतली जागा कमी असते. ॲकली इम्प्रूव्हडच्या घडलेल्या पुंगळीसाठी दिलेला लोड न घडलेल्या मूळ पुंगळीत भरला, तर तो जास्त होतो. पहिल्या बाराला मूळ काडतुसाचाच लोड, आणि तोही मधला. घडलेल्या पुंगळ्यांसाठी लोड नंतर नव्याने, खालून वर चढवत न्यायचा.

चौथी पायरी: बूड बोल्टला टेकवून ठेवा

हे या लेखाचं मुख्य काम आहे. याचे चार रस्ते आहेत, आणि कुठला घ्यायचा ते चेंबरवर ठरतं.

सगळ्यात सोपा रस्ता चेंबर कापणाऱ्यानेच करून ठेवलेला असतो. पी. ओ. ॲकली (१९०३–१९८९) या अमेरिकी गनस्मिथने जुन्या काडतुसांचे खांदे ४० अंशांपर्यंत तीव्र केले आणि पुंगळीचा निमुळतेपणा कमी करून आतली जागा वाढवली. बरोबर कापलेल्या ॲकली चेंबरचं गो-गेज मूळ काडतुसाच्या गेजपेक्षा ४ थाऊ आखूड असतं. त्यामुळे मूळ काडतूस आत गेलं की मान आणि खांदा जिथे मिळतात त्या कडेवर ते जरासं दाबलं जातं. बोल्ट बंद करताना शेवटच्या टप्प्यात हलकासा विरोध जाणवतो. तो जाणवला की समजायचं, बूड टेकलेलं आहे. मूळ कारखान्याचं काडतूस उडवा आणि घडलेली पुंगळी बाहेर काढा. विरोध अजिबात जाणवला नाही तर थांबा आणि चेंबर तपासून घ्या, कारण घाईत कापलेली ॲकली चेंबर्सही असतात.

दुसरा रस्ता खोट्या खांद्याचा, आणि मला हाच सगळ्यात जास्त आवडतो. मान एक माप मोठ्या कॅलिबरच्या मँड्रेलने रुंद करायची, मग आपल्या कॅलिबरच्या डायने ती पुन्हा अरुंद करायची, पण पूर्ण खालपर्यंत नाही. मानेच्या मुळाशी रुंद राहिलेला पट्टा एक छोटी पायरी बनतो, तोच खोटा खांदा. ६ मिमी बीआर नॉर्मापासून ६ मिमी डॅशर बनवतात तेव्हा खांदा सुमारे ०.१ इंच पुढे न्यायचा असतो. इतकं अंतर नुसत्या नशिबावर सोडता येत नाही, म्हणून तिथे हीच पद्धत अनेक जण वापरतात.

डाय बसवण्याचं काम हळूहळू करा. बोल्टमधून फायरिंग पिनची जुळणी आणि शक्य असेल तर इजेक्टर (पुंगळी बाहेर फेकणारा भाग) काढून घ्या, म्हणजे स्प्रिंगचा जोर मध्ये येत नाही आणि हाताला खरं काय ते कळतं. पुंगळी रिकामी असू द्या, दारू नाही, प्रायमर नाही. डाय वरून सुरू करा. पहिल्यांदा बोल्ट बंदच होणार नाही. डाय आठवा भाग फेरी खाली घ्या, पुन्हा पुंगळी घाला. मग सोळावा भाग. एका क्षणी बोल्टची मूठ अर्ध्यावर येऊन अडते, आणि अंगठा व दोन बोटांच्या जोराने खाली बसते, जड दाराची कडी शेवटी सरकावी तशी. तिथे थांबा. तळहाताने ठोकून बंद करावा लागत असेल तर अजून खाली घ्या. मूठ आपोआप पडत असेल तर तुम्ही पुढे गेलात, ती पुंगळी पुन्हा रुंद करून परत सुरुवात करा. डायची लॉकरिंग घट्ट केल्यावर पाच पुंगळ्या काढून प्रत्येक तपासा. मान रुंद करताना फुटू लागल्या तर आधी ॲनिलिंग करा, म्हणजे पितळ तापवून नरम करा, पण उष्णता फक्त मान आणि खांद्यापुरती. बूड कधीही तापवायचं नाही. नरम झालेलं बूड दाब सोसत नाही, आणि तो अपघात पुंगळी तुटण्यापेक्षा कितीतरी भयंकर असतो.

तिसरा रस्ता गोळी रायफलिंगला टेकवण्याचा. गोळी नेहमीपेक्षा लांब बसवायची, म्हणजे बोल्ट बंद होताना ती नळीच्या खाचांच्या सुरुवातीला साधारण १० ते २० थाऊ रुतते आणि पुंगळीला मागे, बोल्टवर दाबून धरते. मानेची पकड चांगली हवी, नाहीतर पिनच्या धक्क्याने गोळीच आत सरकते आणि सगळा उद्देश फुकट जातो. गोळी रुतली की दाब वाढतो, म्हणून लोड सुरुवातीच्या बाजूलाच ठेवा. या पद्धतीची खरी अडचण वेगळीच आहे. असं काडतूस न उडवता बाहेर काढायची वेळ आली तर गोळी नळीतच राहू शकते आणि दारू ॲक्शनमध्ये सांडते. नळीत गोळी राहिलेली असताना पुढचं काडतूस आत गेलं, तर काय होईल ते सांगायला नको. रेंजवर क्लीनिंग रॉड घेतल्याशिवाय ही पद्धत वापरू नका.

चौथा रस्ता कडेच्या पुंगळ्यांचा, .३०३ साठी मी आता हाच वापरतो. बुडाच्या कडेच्या अगदी पुढे पुंगळीवर बरोबर मापाची रबरी ओ-रिंग चढवायची. बोल्ट बंद झाला की रिंग कडेच्या आणि चेंबरच्या तोंडाच्या मध्ये चेपली जाते आणि बूड मागे दाबून धरते. फक्त पहिल्या बारापुरती. रिंग फार जाड असेल तर बोल्ट बंद होणार नाही, फार पातळ असेल तर तिचा उपयोग नाही. रिकाम्या पुंगळीवर दोन-तीन मापं लावून बघा. एकेक काडतूस हाताने घालावं लागतं, मॅगझिनमधून नाही. त्या तुटलेल्या खोक्यानंतर रिंग लावून घडवलेल्या माझ्या पुंगळ्यांच्या आत ती खाच आजवर सापडलेली नाही.

गोळीशिवाय, जलद दारू आणि रव्याचा भराव घालून पुंगळी घडवण्याची एक पद्धतही प्रचलित आहे. नवशिक्याने तिच्या वाटेला जाऊ नये. त्यात मॅन्युअलचा आधार मिळत नाही, आणि भरावाच्या थोड्या फरकाने दाब बदलतो.

आणखी एक. घडवायची पुंगळी त्या चेंबरची मूळ पुंगळीच असली पाहिजे. एखादं काडतूस चेंबरमध्ये जातं, बोल्ट बंद होतो, म्हणजे ते उडवता येतं असं अजिबात नाही. .३०० ब्लॅकआउट काही वेळा .२२३ च्या चेंबरमध्ये बसतं आणि उडतंही. मोठी गोळी लहान नळीत कोंबली जाते आणि रायफल फुटते. टेबलावर एका वेळी एकाच कॅलिबरची काडतुसं ठेवा.

पाचवी पायरी: रेंजवर

डोळ्यांवर चष्मा, कानांवर मफ्स. चेंबर कोरडं, तेल पुसलेलं. प्लंजर जातीचा इजेक्टर असेल तर त्याची स्प्रिंग पुंगळीला सतत पुढे ढकलत असते हे लक्षात ठेवा, म्हणून वरच्या चार रस्त्यांपैकी एकाचा आधार हवाच.

पहिले तीन बार काढून थांबा. प्रत्येक पुंगळी हातात घेऊन बघा, मगच चौथं काडतूस भरा. घोडा दाबला आणि काहीच झालं नाही, तर नळी लक्ष्याच्या दिशेनेच धरून निदान तीस सेकंद थांबा. उशिरा पेटणारं काडतूस घाईने उघडलेल्या बोल्टमधून उडतं. बाराचा आवाज नेहमीपेक्षा दबका आला तर पुढचं काडतूस भरण्याआधी नळीतून आरपार बघा. नळी हात लावता न येण्याइतकी तापू देऊ नका. पन्नास पुंगळ्या एका दुपारी संपवण्याची स्पर्धा नाही.

नेम चांगला पडत असेल तर आश्चर्य वाटून घेऊ नका. डॅशर वापरणारे कित्येक नेमबाज घडवण्याच्या काडतुसांनीच सामने खेळतात.

सहावी पायरी: उडालेली पुंगळी वाचा

खांद्याचे कोपरे बघा. धारदार उठलेत की गोलसर राहिलेत? थोडी गोलाई दुसऱ्या बाराला भरून निघते. मानेवर किंवा खांद्यावर उभी चीर दिसली तर पितळ कडक झालेलं आहे, उरलेल्या पुंगळ्या आधी ॲनिल करा. प्रायमर बुडाच्या वर उभा असेल तर लोड हलका आणि मागे जागा मोकळी. प्रायमरला भोक पडलं, किंवा बोल्ट उघडायला जड गेला, तर दाब जास्त, त्याच क्षणी थांबा. उरलेली काडतुसं घरी नेऊन गोळ्या उपसा.

मग बुडाच्या वरचा पट्टा. उजेडात पुंगळी फिरवत बघा, चकचकीत कडं दिसतंय का. कागदाला लावायची तारेची क्लिप सरळ करा, टोकाला छोटा काटकोनी आकडा वाकवा, तो तोंडातून आत घालून भिंतीवरून बुडाकडे अलगद ओढा. चांगल्या भिंतीवर आकडा गुळगुळीत सरकतो आणि बुडाच्या जाडीवर चढतो. खाच असेल तर तो तिथे टक्कन अडतो. बोटांना ते एकदा कळलं की परत विसरत नाही. अशी पुंगळी पक्कडीने चेपून भंगारात टाका, म्हणजे चुकून परत खोक्यात जाणार नाही. शंका असेल तर एक पुंगळी चिरून बघा. पन्नासातली एक गेली तरी चालते, पण उरलेल्या एकोणपन्नासांबद्दल खात्री मिळते.

सातवी पायरी: घडलेल्या पुंगळीला परत मागे ढकलू नका

एवढं सगळं करून पुढच्या वेळी फुल-लेंग्थ डाय खालपर्यंत बसवलीत, तर खांदा पुन्हा होता तिथे. प्रायमर काढा, कंपॅरेटरवर मोजा, आणि डाय अशी बसवा की खांदा १ ते २ थाऊच मागे जाईल. सेमी-ऑटोमध्ये काडतूस स्वतःहून आत जायला हवं, तिथे ३ ते ५ थाऊ ठेवा. पट्ट्याच्या आणि कडेच्या पुंगळ्यांनाही हाच नियम. पहिल्या बारानंतर पट्टा विसरा आणि ती खांद्यावर अडणारी पुंगळी आहे असं समजून डाय बसवा.

पितळ थोडं परत येतं, म्हणून पहिल्या बारानंतरचं माप शेवटचं नसतं. दुसऱ्या, कधी तिसऱ्या बारानंतर आकडा स्थिर होतो. डाय तोपर्यंत सैलच ठेवा आणि दर वेळी मोजा. लांबी आता बघा आणि गरज असेल तर ट्रिम करा, सगळ्या एका मापाच्या. पाण्याने भरून वजन केलंत तर आतली जागा किती वाढली तेही कळतं, आणि लोड नव्याने ठरवताना ते उपयोगी पडतं.

खोक्यावर रायफल, लॉट, कितवा बार, ॲनिलिंग कधी केलं आणि डायचं माप, एवढं पेन्सिलने लिहा. एका चेंबरमध्ये घडलेली पुंगळी दुसऱ्या रायफलमध्ये बसेलच असं नाही, दोन्हींचं कॅलिबर आणि बनावट एकच असली तरीही. नळी बदललीत तर चेंबरही बदललं. नवं चेंबर लहान असेल तर जुन्या पुंगळ्यांवर बोल्ट बंद होणार नाही, त्या फुल-लेंग्थ डायने जपून मागे घ्याव्या लागतील. मोठं असेल तर बोल्ट सुखाने बंद होईल आणि बूड पुन्हा मोकळं सुटेल. तेव्हा कंपॅरेटर काढा आणि पहिल्या पायरीपासून मोजायला घ्या.